वारा, वजन आणि दाम



माझा आजचा विषय ऐकून एका जुन्या सोबत्याने मला विचारले, “पगारवाढ, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांत तुमचा जन्म गेला. मोटार वारा कसा कापते याच्याशी तुमचा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. कॉलेजची पायरी चढण्याचा योगही आला नाही. जे काही वाचले ते वाचनालयात आणि विरार लोकलमध्ये. परंतु मोटार ही वस्तू कारखान्यात जन्माला येते. तिची किंमत कमी करा असा हुकूम वरून सुटला की तो एकेक पायरी उतरत अखेर कोणाच्या तरी हातापाशी येऊन थांबतो. तो हात माझ्या ओळखीचा आहे. म्हणून सामान्य माणसाला परवडेल आणि थोड्या तेलावर चालेल अशी गाडी बनविण्याच्या खटपटीचा इतिहास मी माझ्या बाजूने वाचला. त्यात जे सापडले ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. तो समजण्यास पुस्तक नको. आपण सगळे तो रोज अनुभवतो. नायगाव सुटले आणि गाडी खाडीपुलावर आली की दारातल्या माणसाला वारा लागतो. गाडी रेंगाळत असेल तर तो वारा नुसता केस उडवितो. गाडीने वेग घेतला की तोच वारा छातीवर हात ठेवून मागे रेटतो. नियम असा, की वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो.

याच्या जोडीला दुसरा विरोध असतो तो चाकांचा. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात जोर खर्च होतो. हा विरोध वेगावर फारसा अवलंबून नाही. तो वजनावर अवलंबून आहे. उदाहरणादाखल माणसांसकट साडेसातशे किलो वजनाची एक लहान गाडी घेऊ. चांगल्या रस्त्यावर तिची चाके फिरती ठेवण्यास सुमारे नऊ किलोचा जोर लागतो. याच गाडीला ताशी २० किलोमीटर वेगाने वारा अडवितो तो जेमतेम दीड किलोच्या जोराने. ४० च्या वेगाने पावणेसहा किलोच्या. आणि ८० च्या वेगाने तेवीस किलोच्या. म्हणजे शहरात गाडीचा खरा वैरी तिचे स्वतःचे वजन होय. शिवाय दर सिग्नलला ते वजन नव्याने पळवावे लागते आणि पळवून झाले की ब्रेक दाबून ती सारी मेहनत उष्णतेच्या रूपाने वाया घालवावी लागते. ताशी पन्नासच्या पुढे मात्र पारडे फिरते आणि वारा हा मुख्य वैरी होतो.

आता दामाचा हिशेब. वारा कमी अडावा म्हणून गाडीचे तोंड टोकदार असावे अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. आपल्या बाजारातला बांगडा पाहा. त्याचे तोंड गोलसर आणि शेपटीकडची बाजू हळूहळू निमुळती होत गेलेली असते. कारण वारा किंवा पाणी पुढून जितके अडविते त्याहून अधिक ते मागच्या पोकळीत भोवरे करून ओढते. म्हणून वाऱ्याला मानवणारी गाडी मागे लांबत जाते. लांबी वाढली की पत्रा वाढतो, पत्र्याबरोबर वजन वाढते, आणि त्या शेपटीत माणूस तर बसू शकत नाही. १९३० च्या दशकात जर्मनीतील वुनिबाल्ड काम याने शेपटी मध्येच तोडली तरी बराचसा लाभ हाती राहतो असे दाखविले, तेव्हा ही अडचण काहीशी सुटली. पण दुसरी उरलीच. सपाट पत्रा कोणीही वाकवील; गोलाईदार पत्रा काढण्यास अवाढव्य प्रेस आणि त्याचे साचे, म्हणजे डाय, लागतात. साच्याचा खर्च एक गाडी काढली तरी तितकाच आणि लाख गाड्या काढल्या तरी जवळजवळ तितकाच. तेव्हा गोलाई स्वस्त पडते ती मोठ्या कारखानदाराला.

म्हणूनच हवेचे शास्त्र मोटारीच्या धंद्यात शिरले ते श्रीमंताच्या दारातून. १९३४ साली चेकोस्लोव्हाकियात ‘टाट्रा ७७’ ही अशा आकाराची मोठी आणि महाग गाडी निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने ‘एअरफ्लो’ बाजारात आणली. लोकांना तिचे रूप रुचले नाही आणि १९३७ साली तो प्रयोग आटोपला. वारा कापणारी गाडी गरिबासाठी काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. त्याची कथा मला जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तीत कामगार संघटनांचा पैसा गुंतलेला आहे.

हिटलर सत्तेवर आला आणि २ मे १९३३ रोजी नाझींनी जर्मनीतील स्वतंत्र कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पुढारी तुरुंगात गेले. इमारती व निधी सरकारी ‘कामगार आघाडी’च्या घशात गेले. पुढे फर्डिनांड पोर्शे यास लोकांची गाडी काढण्याचे काम देण्यात आले. अटी अशा होत्या : चारपाच माणसे बसावीत, ताशी १०० किलोमीटर वेग अखंड टिकावा, १०० किलोमीटरला सात लिटरच्या आसपास पेट्रोल लागावे आणि किंमत हजार मार्कांच्या आत असावी. नवे रुंद हमरस्ते बांधले जात होते व त्यांवर ही गाडी पळावयाची होती. शंभराचा वेग म्हटल्यावर वाऱ्याची गाठ पडणारच. म्हणून तिला कासवाच्या पाठीसारखी गोलाई आली. ती गोलाई परवडावी म्हणून लाखांच्या हिशेबाने कारखाना हवा. आणि त्या कारखान्यासाठी जो पैसा उभा राहिला त्यात जप्त केलेल्या संघटनांच्या मालमत्तेचा पैसा होता.

इतके करून कामगाराला गाडी मिळाली काय? किंमत ठरली ९९० मार्क. कामगाराने आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट पुस्तिकेत चिकटवीत जावे, पुस्तिका भरली की गाडी, अशी योजना निघाली. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. १९३९ साली युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी गाड्या काढू लागला, आणि त्या पुस्तिकांवर एकाही कामगाराच्या दारी गाडी आली नाही. युद्धानंतर हे लोक वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. १९६१ साली तडजोड झाली ती अशी, की नवी गाडी घेतल्यास काही सूट, नाहीतर थोडी रोख रक्कम. ती गाडी पुढे जगभर लाखांनी खपली हे खरे. परंतु तिच्या पहिल्या हप्त्याची पावती ज्यांच्या नावावर होती त्यांचे नाव तिच्या जाहिरातीत कोठे आले नाही.

याच काळात फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचा प्रमुख पिएर बुलांझे याने आपल्या माणसांना अगदी उलट अटी घातल्या. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे जावेत, वेग ताशी ६० पुरे, आणि १०० किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल लागावे. वेगाची अट साठावर आणल्याबरोबर वाऱ्याचा प्रश्न अर्ध्याहून अधिक मिटला. मग सारी अक्कल वजन उतरविण्यावर खर्च करता आली. पातळ पत्रा, छताला कापड, हलक्या खुर्च्या. १९४८ साली ही ‘दोन अश्वशक्तीची’ म्हणून ओळखली जाणारी गाडी लोकांपुढे आली तेव्हा तिचे इंजिन अवघे ३७५ सी.सी.चे आणि प्रत्यक्ष ताकद नऊ अश्वशक्तीची होती. पत्रकारांनी चेष्टा केली. शेतकऱ्यांनी मात्र तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावले. वाऱ्याच्या शास्त्रात ही गाडी नापास आहे, आणि तरीही ती थोड्या तेलावर चालली. या दोन गाड्यांच्या तुलनेत मला सबंध विषयाची किल्ली दिसते. गाडी कोणासाठी आणि ती किती वेगाने जाणार, हे आधी ठरवावे. वारा आणि दाम यांचा तंटा त्यावरून आपोआप सुटत जातो.

आता आपल्या घरी येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तेथली फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. टॅक्सी म्हणून तिचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबरात उजाडला. ही गाडी भक्कम होती, पण ती कामगाराची कधीच नव्हती. तिच्यावर काम करणारा माणूस तिच्यात बसला तो टॅक्सीचे भाडे देऊन. स्वस्त गाडी हवी ही चर्चा दिल्लीस झाली, १९६० च्या सुमारास एल. के. झा यांच्या समितीने तसा अभिप्रायही दिला. पण परकीय चलन थोडे, परवाने मोजके, आणि बस व मालमोटार आधी की खाजगी गाडी आधी हा वाद. यांत वीसपंचवीस वर्षे गेली. ‘मारुती ८००’ रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात.

या मधल्या काळात महाराष्ट्रात एका माणसाने एकट्याने जे केले त्याची आठवण आपण ठेवली पाहिजे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची लहान गाडी स्वतः आखली व स्वतः घडविली. पहिला नमुना १९४९ सालचा. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. लहान इंजिन, कमी वजन, थोडे पेट्रोल, मध्यमवर्गीयाला झेपेल अशी किंमत, हे त्यांचे धोरण. गाडी चालत होती. परंतु कारखानदारी उत्पादनापर्यंत ती पोहोचली नाही. मघाशी साच्यांचा हिशेब सांगितला तो येथे लावून पाहा. एका गावातला कारागीर हाताने ठोकून एक सुंदर गोलाई काढील, दोन काढील. दहा हजार गाड्यांना ती गोलाई हवी तर मागे भांडवल पाहिजे, परवाना पाहिजे. शंकररावांजवळ बुद्धी होती आणि हात होते. बाकीचे दोन्ही दुसऱ्यांच्या हाती होते.

मग सामान्य माणसाचे वाहन झाले तरी कोणते? ते आपल्या स्टेशनबाहेर रांगेत उभे आहे. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा बंद व्हावी हा विचार स्वातंत्र्याच्या सुमारास जोर धरीत होता. त्या वेळी अहमदनगरकडचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी स्कूटरच्या इंजिनावर चालणारी तीनचाकी माणसांच्या वाहतुकीसाठी आणण्याची खटपट केली. तीच आपली ऑटोरिक्षा. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने गोरेगावला मालवाहू तीनचाकी काढण्यास आरंभ केला आणि ‘टेम्पो’ हा शब्दच मराठीत कायमचा राहून गेला. वसईची भाजी आणि केळी वाहणाऱ्याला आज ते कंपनीचे नाव होते हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

रिक्षाचा आकार पाहा. समोर उभी काच, दोन्ही बाजू उघड्या, पावसाळ्यात फडफडणारे रेक्झिनचे पडदे. वाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट वाहन शोधून सापडणार नाही. पण ती धावते तीस-पस्तीसने. त्या वेगाला वारा फारसे मागत नाही आणि तिचे वजन अगदी थोडे. म्हणून ती परवडते.

यानंतर येते ती ‘नॅनो’. स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले पावसात जाताना पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, असे ते सांगत. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या मंडळींनी ती आखली आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. किंमत एक लाख. ६२४ सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या बाजूस. वजन सुमारे ६०० किलो. लांबी अवघी ३.१ मीटर, सरकारी चाचणीत लिटरला २३.६ किलोमीटर. वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीन नट, स्टिअरिंगचा दांडा पोकळ. तिची शेपटी जणू सुरीने कापलेली, आणि बसणाऱ्याचे डोके टेकू नये म्हणून ती उंच. वाऱ्याच्या पंडिताने असा आखूड आणि उंच डबा आपण होऊन काढला नसता. परंतु तिला निमुळती शेपटी लावली असती तर काय झाले असते? धरून चालू, की त्यामुळे वाऱ्याचा विरोध शेकडा दहाने घटला असता. मघाच्या आकड्यांप्रमाणे ४० च्या वेगाला एकंदर जोरात बचत शेकडा चारसुद्धा नाही. वर्षाकाठी सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे तीनशे लिटर पेट्रोल धरले तर फार तर बारा लिटर वाचणार. लिटरला शंभर रुपये धरले तर बाराशे रुपये. त्यासाठी गाडीची किंमत दहा हजारांनी वाढली तर ते फिटण्यास आठ वर्षांहून अधिक लागतील. आणि स्कूटरवाल्याजवळ ते दहा हजार आज नाहीत, हीच तर मूळ अडचण! आखणाऱ्यांनी वारा सोडला आणि वजन पकडले. माझ्या मते ते बरोबर केले.

तरीही नॅनो फसली. सिंगूरच्या जमिनीचा तंटा झाला, ऑक्टोबर २००८ मध्ये तेथून कारखाना हलवावा लागला आणि २०१० साली साणंदला तो सुरू झाला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची. गाडीची सगळ्या आयुष्यातली विक्री तीन लाखांच्या आसपास. किंमतही लाखावर राहिली नाही. २०१८ साली उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख झाली ही चूक होती, असे पुढे टाटांनीच म्हटले. गरीब माणूस स्वस्त वस्तू घेतो, पण आपण गरीब आहोत अशी पाटी दारात उभी करण्यासाठी तो पैसे मोजत नाही. हा हिशेब ना वाऱ्याच्या वहीत होता ना दामाच्या.

बजाजने वेगळा मार्ग धरला. रिक्षालाच चौथे चाक, दारे आणि छप्पर दिले. २०१२ साली दाखविलेली ही गाडी ‘क्यूट’ या नावाने २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीस आली. २१६ सी.सी.चे इंजिन, लिटरला सुमारे ३५ किलोमीटर, आणि वेगाला ताशी ७० ची वेस. बुलांझेने वेग साठावर बांधला होता, त्याचीच ही आवृत्ती होय.

येथवर सारे आखणीच्या टेबलावरचे झाले. आता त्या हाताकडे येतो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून प्रेस चालतात. पत्र्याला गोलाई येते ती या यंत्राखाली. प्रेसला नियम असा, की कामगाराने दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबावीत, तरच डाय खाली यावी. म्हणजे हात आत राहू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात एक बटण पट्टीने दाबून कायमचे बांधून ठेवले होते. मोकळा हात माल सरकवू लागला, तासाला नग वाढले, नगामागचा दर उतरला. एके रात्री एका तरुण पोराची दोन बोटे डायखाली गेली. तो काढीत होता तो एक लहानसा कंस होता. कोणत्या गाडीला तो लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. मी त्याच्या भरपाईचे कागद तयार केले. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची ताकद शेकडा वीस घटते असे लिहिले होते. त्याने मला विचारले, “काका, उरलेल्या ऐंशी टक्क्यांत मला प्रेसवर कोण घेईल?” मला उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, बचतीचे प्रकार दोन. पोकळ दांडा ही बचत डोक्यातून निघाली. त्यासाठी कोणी तरी रात्री जागून गणित केले, आणि दांडा पोकळ झाला म्हणून कोणाचे काही गेले नाही. बांधलेले बटण हीसुद्धा बचतच. विक्रीच्या किमतीत दोन्ही सारख्याच दिसतात. ग्राहकाला त्या वेगळ्या काढून दाखविण्याची सोय अद्याप झालेली नाही. ती करून घेणे हे आमच्या चळवळीचे काम आहे आणि ते आमच्याकडून पुरतेपणी झालेले नाही, हे मी येथे कबूल करतो.

आता या जुन्या तंट्याला नवे वळण लागत आहे. विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी. पेट्रोलच्या गाडीत वारा कापणारा आकार आज खर्चात पाडतो आणि पैसे पुढे वर्षानुवर्षे परत करतो. विजेच्या गाडीत तसे नाही. हमरस्त्यावर विरोध कमी झाला की तितक्याच पल्ल्याला लहान बॅटरी पुरते, म्हणजे खरेदीच्या दिवशीच किंमत उतरते. इतकी वर्षे वैरी असलेले वारा आणि दाम येथे एकमेकांच्या मदतीस येतात. शहरात फिरणाऱ्या विजेच्या रिक्षाला मात्र जुनाच कायदा लागू राहील : वेग थोडा, तेव्हा वजन पाहा. अशा गाड्यांचे कारखाने आपल्याकडे येतील, त्यांचे सुटे भाग आपल्या गाळ्यांत होतील, आणि ‘किंमत उतरवा’ हा हुकूम पुन्हा सुटेल. त्या वेळी आपण तीन प्रश्न विचारावेत एवढेच माझे मागणे आहे. गाडी किती वेगाने जाणार? तिचे पैसे कोण आणि केव्हा भरणार? आणि वाचलेला पैसा डोक्यातून वाचला की हातातून?

व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण रिक्षाने घरी जातील. पडदे फडफडतील, वारा आत शिरेल. त्या वाऱ्याबद्दल तिला दोष देऊ नका. तिच्या वेगाला तो माफ आहे.